फॉर्मवर नसलेला प्रश्न

आमच्या गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंविषयी हे लिहितो आहे. नाव घालू का, असं त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "नाव कशाला सर? आशा म्हणून लिहा, तेवढं बास." म्हणून नाव घालत नाही. मी लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक आहे. करोनाच्या दोन वर्षांत माझ्या शरीराला फार काही झालं नाही. मनाचं मात्र पार मोडलं होतं. त्यातून मी उठलो तो या बाईंमुळे. माणसाचं मन आजारी पडतं म्हणजे नेमकं काय होतं, हेही मला त्यांच्याबरोबर दारोदार फिरतानाच कळलं.

त्याआधी मला फार थोडं माहीत होतं. आमच्याकडे मनाच्या आजाराला दोनच टोकं. एक येरवड्याचं. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी सरकारची चार मनोरुग्णालयं राज्यात आहेत, हे पुढं समजलं. लहानपणापासून कानावर होतं ते "याला येरवड्याला धाडावं लागतंय" एवढंच. दुसरं टोक म्हणजे "टेन्शन घेऊ नको." या दोहोंच्या मधे जी माणसं रात्रभर आढ्याकडं बघत पडलेली असतात, ज्यांना घास गिळवत नाही, ज्यांचं कशातच मन लागत नाही, ती आजारी असू शकतात हे माझ्या गावीही नव्हतं. कुणी जवळ येऊन काही सांगितलंच तर मी कळवळ्यानं म्हणायचो, मन घट्ट करा. त्यापलीकडे द्यायला माझ्याजवळ काही नव्हतं.

मार्च २०२० च्या अखेरीस लॉकडाउन लागला आणि मुंबई-पुण्याला गेलेली माणसं गावाकडं यायला लागली. कुणी टेम्पोत बसून, कुणी टप्प्याटप्प्यानं चालत. माझी शाळा विलगीकरण केंद्र झाली. बाक व्हरांड्यात रचले, वर्गात सतरंज्या अंथरल्या. हातावर शिक्के मारलेली माणसं चौदा-चौदा दिवस तिथं राहायची आणि वहीत त्यांची नोंद ठेवायची ड्यूटी माझी. ज्यांना पहिलीपासून शिकवलं ती पोरं मोठी होऊन त्याच वर्गात परत आली होती, आणि गाव त्यांना भीत होतं. घरचे लोक डबा आणून कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचे आणि मागं न बघता निघून जायचे.

त्यातला एकजण भोसरीला कंपनीत कामाला होता. ताप नाही, खोकला नाही. माझ्या वहीत त्याच्या नावापुढं रोज "त्रास नाही" असं लिहिलेलं. आशाताई सकाळी ताप बघायला आल्या आणि त्यांनी त्याला विचारलं, "रातच्याला झोप यायलीय का रे?" एवढ्या एका प्रश्नावर तो पोरगा ढसाढसा रडला. रात्रभर तो खिडकीपाशी बसून असायचा. आपल्या अंगातून आजार घरी जाईल आणि आई दगावेल, हा विचार त्याच्या डोक्यातून हलत नव्हता. डबा तो कुत्र्याला घालत होता. ताईंनी त्याला उपदेश केला नाही. सगळं ऐकून घेतलं. मग त्याच्या घरी जाऊन आईला सांगून आल्या, की डबा ठेवून पळायचं नाही. तोंडाला पदर बांधून भिंतीच्या पलीकडं उभं राहायचं आणि पोरगं जेवेपर्यंत त्याच्याशी बोलायचं. त्या संध्याकाळपासून तो जेवायला लागला. मी तिथंच उभा होतो. बाई मायाळू आहे, एवढाच अर्थ मी तेव्हा त्याचा लावला.

सप्टेंबरात 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम निघाली. घरोघर जायचं, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, शुगर-बीपी विचारायची, फॉर्म भरायचा. आमच्या पथकात आशाताई, मी आणि गावातला एक स्वयंसेवक. फॉर्मवर शरीराचं सगळं होतं, मनाचा रकाना नव्हता. ऑक्सिमीटर बोटाला लावला की आकडा स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ताई आपले प्रश्न विचारून घ्यायच्या. झोप लागते का? जेवण जातं का? कुणाशी बोलणं होतं का? कुठं उत्तर लांबलं तर ऑक्सिमीटर काढून पिशवीत टाकायच्या आणि उंबऱ्याबाहेर बसून घ्यायच्या. रोजच्या घरांचा आकडा गाठायचा असल्यामुळं माझी आत घालमेल व्हायची.

पण त्या बसण्यातूनच मला माझं गाव कळलं. लग्नसराई बुडालेला शिंपी दिवसभर मशीनसमोर बसून असे. कापड नव्हतं, दोरा नव्हता, बायकोला वाटे काम चालू आहे. एका आजींनी खोकला दाबून दाबून बरगड्या दुखवून घेतल्या होत्या, कारण खोकला ऐकू गेला तर आपल्याला शाळेत नेऊन टाकतील ही भीती. दहावीच्या एका मुलीच्या हाताची साल निघाली होती, साबणानं पुन्हा पुन्हा धुऊन. आणि आमच्याच आळीतले एक माळकरी आजोबा. तरुणपणापासून त्यांची आषाढी चुकली नव्हती. २०२० साली वारी झालीच नाही, माउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. गावातलं मारुतीचं देऊळही कुलपात, ते उघडलं १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आजोबांनी त्या काळात बोलणंच टाकलं होतं. घरचे म्हणत, वय झालं. ताईंनी त्यांना विचारलं, "हरिपाठ म्हणताव का?" ते म्हणाले, "एकट्यानं कसा म्हणायचा?" तर ताईंनी आळीतल्या घरांना सांगितलं, की दिवेलागणीला आजोबा ओट्यावर हरिपाठ म्हणतील, ज्यानं त्यानं आपल्या दारात बसून साथ द्यायची. आळीभर दारादारांतून तो हरिपाठ सुरू झाला आणि आठवड्याभरात आजोबा सुनेला हाका मारायला लागले.

हे सगळं कुठं शिकलात, असं मी त्यांना एकदा चालता चालता विचारलं. शेतकऱ्यांच्या आत्महत्या थांबाव्यात म्हणून २०१५ पासून मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत सरकारचा प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. आशांनी घरोघर जाऊन उदास, खचलेली माणसं ओळखायची आणि त्यांना समुपदेशकापर्यंत, डॉक्टरांपर्यंत पोचवायचं, असं ते काम. त्याचं ट्रेनिंग त्यांना झालं होतं. त्या म्हणाल्या, "समोरच्यानं उत्तर दिलंच पाहिजे असं नाही सर. पण कुणीतरी विचारलं, हे त्याला कळतंय ना." हे वाक्य मी ऐकलं आणि पुढच्या घराचा फॉर्म काढला.

एप्रिल २०२१ मध्ये माझे थोरले भाऊ गेले. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. वडील लवकर गेल्यावर त्यांनी शाळा सोडली, शेती धरली आणि मला डीएड केलं. त्या महिन्यात लातुरात बेड शोधणं म्हणजे काय होतं ते इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. ऑक्सिजनचा बेड, मग इंजेक्शन, मग व्हेंटिलेटर. फोन लावत राहायचं आणि पलीकडून नाही ऐकत राहायचं. अण्णा पहाटे गेले. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह महापालिकेच्या माणसांनी परस्पर नेला. मी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभा होतो. आईला तोंड बघायला मिळालं नाही. दहाव्याला चौघेच होतो. आमच्याकडं मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, भावकीतून, शेजारातून कडू घास येतो, माणसं येऊन बसतात, बायका गळ्यात पडून रडतात. आमच्या दारात कुणी आलं नाही. कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं, प्रत्येक घरात कुणीतरी तापानं पडलेलं होतं.

तिसऱ्या प्रहरी आशाताई आल्या. पिठलं-भाकरीचा डबा त्यांनी उंबऱ्यावर ठेवला आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला, मास्क लावून, बसल्या. धीर धरा म्हणाल्या नाहीत. थोड्या वेळानं आईला म्हणाल्या, "काकू, अण्णा लहानपणी कसे होते वो?" आई अण्णा गेल्यापासून रडली नव्हती, बोलली नव्हती. ती सांगायला लागली. अण्णा लहानपणी बैलाच्या पाठीवर झोपायचा. अण्णानं पहिल्या सोयाबीनच्या पैशातून तिला लुगडं आणलं ते रंग गेलेलं निघालं म्हणून दुकानदाराशी भांडून आला. सांगता सांगता ती रडली आणि मग बराच वेळ रडत राहिली. शेवटी म्हणाली, "भूकंपात मेलेल्याला निदान रडायला चार माणसं तरी होती."

किल्लारी आमच्याच तालुक्यात. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, गणपती बुडवून माणसं नुकती झोपली होती. आशाताई तेव्हा लहान होत्या. दगडमातीच्या भिंतीखाली त्यांची आई गेली, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्या म्हणाल्या, "भूकंपानंतर कुठून कुठून माणसं आली. कुणी कपडे दिले, कुणी घर बांधून दिलं. जेवलीस का म्हणून समद्यांनी विचारलं. तुझी आई कशी होती गं, असं कुणीच विचारलं नाही. कुणीतरी विचारंल म्हणून मी लई वर्षं वाट बघितली."

त्या दिवसानंतर आई हळूहळू सावरली. बिघडत गेलो तो मी. लोकांना ते दिसत नव्हतं, कारण मी कामावर जात होतो, सर्व्हे करत होतो, लसीकरणाच्या रांगेत नावं लिहीत होतो. पण रात्री फोन वाजला की छाती धडधडायची ती उजाडेपर्यंत. रस्त्यानं ॲम्ब्युलन्स गेली की हात गार पडायचे. घरातला ऑक्सिमीटर मी उशाशी ठेवला होता. रात्री उठून आधी आईचं बोट, मग बायकोचं, मग मुलांची, मग माझं. आकडा चांगला आला की पुन्हा पहिल्यापासून. आणि डोक्यात एकच हिशोब: तो एक फोन आधी लावला असता तर, गाडी दुसऱ्या रस्त्यानं घेतली असती तर. मला हे दुःख वाटत होतं. भाऊ गेलाय, एवढं होणारच, असं मी स्वतःला सांगत होतो. पाऊस पडून पेरण्या झाल्या तरी त्यात फरक नव्हता, आणि मग संध्याकाळी विहिरीकडं जाताना नको ते विचार यायला लागले.

एका दुपारी ताई शाळेत लसीकरणाची यादी घ्यायला आल्या होत्या. यादी हातात घेतली आणि म्हणाल्या, "सर, झोप यायलीय का?" मी अनेक दारांत हा प्रश्न त्यांच्या तोंडून ऐकला होता, तो कशासाठी असतो हे मला पाठ होतं, तरीही माझ्याकडून "हो" असं आलं. त्या गेल्या नाहीत. बाकावर बसल्या. मग पुढचा प्रश्न त्यांनी सरळ विचारला, जीव द्यावा असं वाटतं का म्हणून. माझ्या आयुष्यात मला तो प्रश्न कुणी विचारला नव्हता. असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं खूळ भरतं, अशी माझी समजूत होती. उलट, तो शब्द दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला आणि मी त्यांना विहिरीचं सांगितलं.

त्यांनी त्या दिवशी माझ्या बायकोला बोलावून घेतलं, मला एकटं सोडायचं नाही असं बजावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरला जायला सांगितलं. सरकारी दवाखान्यात केसपेपर कुठं निघतो, मनोविकाराची ओपीडी कुठल्या बाजूला, डॉक्टर किती वाजता बसतात, सगळं त्यांना तोंडपाठ. मी थोडा बिचकलोच. तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर काय म्हणेल, असं माझ्या तोंडून गेलं. तेव्हा त्या म्हणाल्या, "मी भेटले असते की तुम्हाला. मागच्या वर्षापासून माझ्या गोळ्या तिथूनच चालू हाईत."

मग त्यांनी सांगितलं. २०२० साली त्या सर्व्हेला गेल्या की लोक दारं लावून घ्यायचे. त्यांच्या मुलीला कुणी खेळायला घेत नव्हतं. घरी आल्यावर न्हाणीत अंघोळ करून, कपडे उकळत्या पाण्यात टाकून मगच त्या आत जायच्या, तरी रात्रभर मुलीच्या कपाळाला हात लावून बघायच्या. भूकंपाच्या रात्रीची स्वप्नं, जी कित्येक वर्षं पडली नव्हती, ती परत पडायला लागली होती. मी त्यांच्याबरोबर महिनाभर पायाला पाय लावून फिरलो होतो. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं, भावाचं तोंड बघायला मिळालं का. नाही म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. त्या दिवसांत जवळपास प्रत्येक घरातून तेच उत्तर येत होतं, असं म्हणाले. देह पाहिला नाही, माणसं जमली नाहीत, रडणं झालं नाही, तर मन मरण मान्य करत नाही, वाट बघत राहतं. आणि शरीर धोका टळल्यावरही पहाऱ्यावरच राहतं. त्यांनी गोळ्या दिल्या. गुण यायला दोन-चार आठवडे लागतील, मधेच बंद करायच्या नाहीत, आणि थांबवायच्या वेळी हळूहळू कमी करू, असं समजावून सांगितलं. समुपदेशक बाईंकडं मी अण्णांविषयी बोलत राहिलो. श्रावण संपता संपता मला सलग झोप लागली.

अशी अवस्था झालेला मी एकटा नव्हतो, हे पुढं वाचनातून कळलं. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंतेचे आणि नैराश्याचे आजार सुमारे २५ टक्क्यांनी वाढले, असं जागतिक आरोग्य संघटनेनं मार्च २०२२ मध्ये सांगितलं. सहा महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या, रोजचं जगणं अडवणाऱ्या शोकाला त्याच संघटनेच्या आजारांच्या यादीत आता स्वतंत्र जागा आहे. ती यादी २०२२ पासून लागू झाली. हे आकडे मी वाचतो तेव्हा मला शिंपी दिसतो, खोकला दाबणाऱ्या आजी दिसतात.

४ ऑक्टोबर २०२१ ला आमचे पाचवी ते सातवीचे वर्ग भरले. सहावीत एक मुलगा होता, दुसऱ्या लाटेत वडील गेलेला. वर्गात नीट बसायचा, पाढे म्हणायचा, हसायचाही. पूर्वीचा मी असतो तर पोरगं सावरलं म्हणून सुटकेचा श्वास टाकला असता. मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ बसलो आणि विचारलं, "तुझे पप्पा काय काय करायचे रे?" तो म्हणाला, ट्रॅक्टर चालवायचे. मग म्हणाला, रिव्हर्स घेताना मला मागं उभं करायचे, मी हात हलवला की थांबायचे. आता काका ट्रॅक्टर चालवतात, पण काकांना मागं उभं राहायला कुणी लागत नाही. एवढं बोलून तो रडला. त्याच्या काकांना मी शाळेत बोलावून घेतलं आणि हे सांगितलं. ते पोराला परत ट्रॅक्टरमागं उभं करायला लागले.

एप्रिल २०२२ मध्ये अण्णांचं वर्षश्राद्ध आलं. त्या महिन्यात, गुढीपाडव्याला, राज्यातले सगळे निर्बंध उठले होते. ताई म्हणाल्या, "आता बोलवा समद्यांना." भावकी आली, आळी आली, अण्णांचे बाजारातले सोबती आले. माळकरी आजोबांनी भजन लावलं. जेवणं झाल्यावर माणसं उठलीच नाहीत, एकेकजण अण्णांची आठवण सांगत गेला. त्यातच कुणी आपल्या बायकोचं सांगितलं, कुणी बापाचं. वर्षभर ज्याच्या त्याच्या घरात कोंडलेलं रडणं त्या दिवशी आमच्या अंगणात झालं. आई त्या रात्री म्हणाली, "आज गेला गं बाई माझा अण्णा."

आशाताई अजून त्याच कामावर आहेत. जून २०२१ मध्ये, दुसरी लाट ओसरत असताना, राज्यातल्या सुमारे ७० हजार आशांनी मानधनासाठी संप केला होता. त्याही त्यात होत्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. त्याचा आनंद त्यांना झाला, पण त्यांना अजूनही कायम नोकरी नाही, कामावर आधारित मोबदला आणि मानधन आहे. ज्या बाईंनी आमच्या आळीतली माणसं जपली, त्यांना सरकारनं नियमित पगार द्यावा, हे मला मनापासून वाटतं आणि जिथं बोलायला मिळतं तिथं मी ते बोलतो.

वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या इमारतीत असं एखादं घर असेल, जिथलं माणूस २०२० किंवा २०२१ मध्ये गेलं आणि तुम्हाला तेव्हा जाता आलं नाही. उशीर झाला असं मानू नका. जा, बसा, आणि ते माणूस कसं होतं एवढं विचारा. बोलता बोलता झोप, भूक, जीव नकोसा होणं यातलं काही कानावर आलं, तर त्यांना एकटं सोडू नका, डॉक्टरकडं घेऊन जा. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेली-मानस ही सेवा सुरू आहे. नंबर १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही उचलला जातो, आणि मराठीत बोलता येतं.